तोंडी ‘नाही’ ऐकून परत फिरू नका

“पांढऱ्या कार्डावर योजना लागत नाही, ताई. डिपॉझिट भरा.” ताईने पुढे केलेलं रेशनकार्ड काउंटरवरच्या माणसाने हातातही घेतलं नाही. ऑगस्ट 2024 ची गोष्ट. भाऊजींच्या छातीत दुखू लागलं म्हणून काटोलहून नागपूरला आणलं होतं. एका खाजगी दवाखान्यात अँजिओग्राफी झाली आणि ब्लॉक निघाला. आत पेशंट असताना कोणी हुज्जत घालत बसत नाही, हे त्या माणसाला चांगलं ठाऊक होतं. पैसे भरले.

पावती घेऊन वळलो तर समोरच्या भिंतीवर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फलक. खाली आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल, त्यावर फायलींचा गठ्ठा, खुर्ची रिकामी. म्हणजे दवाखाना योजनेत होता! तिथेच उभं राहून योजनेचा मदत क्रमांक 155388 लावला. पांढरं कार्ड आता चालतं आणि हा दवाखाना हृदयाच्या उपचारांसाठी यादीत आहे, असं पलीकडून स्पष्ट सांगितलं गेलं.

परत काउंटरवर गेलो. आता कारण बदललं होतं. “सिस्टीमवर अजून आलं नाही भाऊ, नवीन आहे ना सगळं.” म्हटलं, काही हरकत नाही, एवढंच लिहून द्या. सही-शिक्का मारून द्या. त्याचा चेहरा उतरला. “असं लिहून देता येत नाही.” काहून नाही देता येत? जे तोंडाने ठणकावून सांगता येतं, ते कागदावर का येत नाही? थोड्या वेळाने आरोग्यमित्र आले, कार्ड आणि आधार घेतलं, मंजुरीसाठी प्रकरण पाठवलं. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली आणि अँजिओप्लास्टी झाली. हेच आदल्या दिवशी का नाही झालं, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

योजना सर्वांना लागू करण्याचा शासन निर्णय 28 जुलै 2023 चा. दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेलं तेही त्यातच. पण प्रत्यक्ष अंमल सुरू झाला 1 जुलै 2024 ला. मधल्या जवळपास वर्षभरात पेपरात ‘पाच लाख’ आणि काउंटरवर ‘नाही’, असं चाललं. अंमल सुरू झाल्यावरही तेच जुनं ‘नाही’ दवाखान्यांच्या तोंडी राहिलं, कारण रोख भरणारा पेशंट त्यांना परवडतो. घोषणेच्या भरवशावर ताईच्या शेजाऱ्यांनी तर खाजगी पॉलिसीचं नूतनीकरणच सोडून दिलं होतं.

म्हणून सांगतो, घोषणा ऐकली की पहिली चौकशी अंमल कोणत्या तारखेपासून आहे याची करा. तोवर चालू पॉलिसीचा हप्ता चुकवू नका. वार्षिक पॉलिसीत हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते; ती उलटली की जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. कंपनी बदलायची तर नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करा.

दवाखान्यात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा, मग काउंटर. दवाखाना नुसता योजनेत असून भागत नाही, तुमच्या आजारासाठी यादीत आहे का तेही विचारा. तातडीच्या वेळी फोनवरूनच मंजुरी घेण्याची सोय आहे, कागद नंतर देता येतात. हे तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही. ही योजना कॅशलेस आहे. एकदा खिशातून भरलेले पैसे परत काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. तरीही भरावेच लागले तर प्रत्येक रुपयाची पावती घ्या. रेशनकार्डावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे ना आणि ते आधारशी जुळतं ना, हे आजच बघून ठेवा. घाबरून जाऊ नका, सोबत बोलकं माणूस ठेवा.

नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि सुपर या सरकारी दवाखान्यांतही ही योजना चालते. खाजगीत अडवलं तर तोही रस्ता आहे, फक्त पेशंट हलवण्यासारखा आहे का ते डॉक्टरांना विचारून.

आमचं डिपॉझिट परत मिळालं, तेही रोज जाऊन बसल्यावर. पहिल्या दिवसाच्या तपासण्यांचे पैसे मात्र दवाखान्याने दाबून ठेवले आहेत. योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. ते पैसे मी सोडणार नाही.