वाय-फाय ट्युनिंग: बोलावलं की सेवा, मोजून दाखवलं की पैसे

ऑटोमॅटिक नेटवर्क ऑप्टिमायझेशन म्हटलं की मोठ्या टेलिकॉम कंपन्या आठवतात. पण क्लास, लॉज, दवाखाना, सीए ऑफिस इथलं वाय-फाय हेही नेटवर्कच आहे. ते रखडलं की कुणाला बोलवायचं, हे मालकाला कळत नाही. आपली संधी तिथेच आहे.

मशीन काय करतं?
ओमाडा, युनिफाय यांसारख्या सिस्टीममध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट क्लाऊडवर जोडले की चॅनेल आणि सिग्नलची पॉवर सॉफ्टवेअर ठरवू शकतं. 2.4 गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरतात: 1, 6 आणि 11. शेजारपाजारचे सगळे राउटर एकाच चॅनेलवर असतील तर सगळेच रखडतात. हे ट्युनिंग घरबसल्या होतं. फक्त रात्री करा, कारण चॅनेल बदलताना कनेक्शन क्षणभर तुटतं.

मशीन काय करत नाही?
लोखंडी कपाटामागचा राउटर ते हलवत नाही. तिथे तुम्हालाच जावं लागतं. म्हणून दर दोन ठेवा. समजा, रिमोटचे 300 आणि भेटीचे 900 रुपये. भेटीच्या दरात पेट्रोल आणि जाण्यायेण्याचा वेळ धराच, नाहीतर धावपळ होईल आणि हातात काही उरणार नाही.

कामाचा क्रम
1. आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड तपासा. केबलवरच स्पीड कमी असेल तर दोष बहुधा लाइनचा. तसं स्पष्ट सांगा, ट्युनिंगचे पैसे घेऊ नका.
2. केबलवर ठीक असेल तर प्रत्येक खोलीत सिग्नल मोजा. -67 डीबीएमच्या आसपास व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो. -80 म्हणजे सिग्नल कमजोर.
3. काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा मोजा. आधीचे-नंतरचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मग बिल द्या.

एक सावधगिरी
ग्राहक म्हणेल, "मोबाईलची रेंज पण वाढवा, बूस्टर लावा." परवानगीशिवाय मोबाईल सिग्नल बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे आणि आजूबाजूच्यांच्या नेटवर्कलाही त्याचा त्रास होतो. सरळ नकार द्या. फोनमध्ये सोय असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करून द्या. बऱ्याचदा तेवढ्याने काम भागतं.

या आठवड्याचा गृहपाठ
ओळखीच्या एका दुकानात परवानगी घेऊन मोजणी करा आणि आकडे वहीत लिहा. पहिला ग्राहक तुमच्या गोड बोलण्यापेक्षा त्या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवेल.