अभ्यासपाठ : खरकसिंगाचे दार

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांकडून आम्हांला अलीकडे दोन प्रश्न वारंवार येतात. मोबाईलमधून आपल्यावर पाळत ठेवली जाते असे म्हणतात, ते खरे काय? आणि आपण काही वाईट करीत नसलो, तर भ्यायचे कशाला? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यासाठी मात्र आपल्याला उत्तर प्रदेशातील एका घराच्या दारापर्यंत, मोबाईलच्या पुष्कळ अगोदरच्या काळात जावे लागेल.

खरकसिंग नावाच्या इसमास १९४१ साली दरोड्याच्या आरोपावरून धरण्यात आले. पुरावा मिळाला नाही, म्हणून सोडण्यात आले. गोष्ट येथे संपावयास हवी होती. परंतु पोलिसांनी त्याच्या नावाची वही उघडली आणि ती काही मिटली नाही. पाळत म्हणजे काय, हे पोलीस नियमावलीत सविस्तर लिहिलेले होते. घरावर व घराकडे येणाऱ्या वाटांवर गुप्त पहारा ठेवायचा, रात्री घरी जाऊन पाहायचे. त्याची ऊठबस कोणाबरोबर आहे, मिळकत किती, खर्च किती, याची वेळोवेळी चौकशी करायची. तो घर सोडून गेला की शिपायाने वा चौकीदाराने खबर द्यायची आणि हे सर्व त्या वहीत टिपायचे. खरकसिंगाची तक्रार अशी की, शिपाई व चौकीदार रात्री-अपरात्री दारावर थापा मारतात, ओरडतात, झोपेतून उठवितात.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्रीची ती भेट बेकायदा ठरली. येथवर ऐकून समाधान वाटते, पण निकालाचा उरलेला भाग शिक्षकांनी वर्गात सावकाश सांगावा. पहारा, चौकशी आणि वही यांस बहुमताने मोकळीक मिळाली, कारण खाजगीपणाचा हक्क आपल्या घटनेत दिलेला नाही असे ठरले. न्या. सुब्बा राव यांना हे मान्य नव्हते, आणि न्या. शहा त्यांच्या बाजूचे होते. आपल्यावर कोणाची तरी नजर आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो रस्त्याने मोकळा चालताना दिसला तरी मनाने मोकळा नसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हे मत मान्य व्हायला जवळजवळ ५५ वर्षे गेली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध याचिका केली. त्या सुनावणीत सरकारने आधार घेतला तो याच जुन्या निकालाचा! शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

आता आपल्या खिशातील फोनकडे येऊ. ती वही आजही लिहिली जाते. फरक इतकाच की आजचा चौकीदार आपण आपल्याच पैशाने विकत आणतो आणि रोज रात्री उशाशी चार्जिंगला लावतो. फोन चालू असला की जवळच्या टॉवरशी त्याचे बोलणे चालूच असते, त्यामुळे आपण कोणत्या भागात आहोत हे कंपनीला कळते. व्हॉट्सॲपचा मजकूर २०१६ पासून कुलूपबंद जातो, तो वाटेत कोणाला वाचता येत नाही हे खरे. परंतु पाकिटावरचा पत्ता, म्हणजे कोणी कोणाला केव्हा निरोप धाडला, तो कंपनीपासून लपत नाही. पैसे फोनवरून दिले की खर्चाची नोंद आपोआप होते. खरकसिंगाच्या वहीत तरी दुसरे काय होते? शिवाय त्याला थाप ऐकू येत होती.

सरकारचा हातही लांब आहे. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्र सरकारने १० यंत्रणांना संगणकातील माहिती पाहण्याचे अधिकार दिले. माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला खरा, पण त्यातून आपल्या यंत्रणांना वगळण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. हे आम्हांला योग्य वाटत नाही. गुन्हेगार शोधावेतच, परंतु पाहणाऱ्यालाही कोणीतरी जाब विचारणारा हवा.

व्यापाऱ्यांचे म्हणाल तर हैदराबादच्या वाचकांना डिसेंबर २०२० आठवत असेल. झटपट कर्ज देणारी ॲप्स फोनमधील सगळी नावे व नंबर उचलीत, आणि हप्ता थकला की त्या नातलगांना व स्नेह्यांना फोन करून कर्जदाराची बेअब्रू करीत. काहींनी त्यापायी जीव दिला, तेव्हा पोलिसांनी धरपकड केली. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲप्सना फोनमधील नावांच्या यादीला हात लावण्यास मनाई केली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांचे नंबर गेले, त्यांनी ना कर्ज घेतले होते, ना कशाला संमती दिली होती. ती दुसऱ्याच कोणी दिली होती.

असा दुसरा कोणी आपणही असतो. आमच्या माहितीतील एका भगिनीने आपले दुखणे प्रार्थनेसाठी म्हणून सांगितले. संध्याकाळपर्यंत ते नाव, रोग व रुग्णालयासह मंडळीच्या ग्रुपवर आले, आणि तेथून कोणीतरी पुढे पाठविले. तिच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, त्या घरीही ते पोहोचले. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. तिनेही काही वाईट केले नव्हते, खरकसिंगावरही काही शाबीत झाले नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही यापेक्षा निराळे देऊ शकत नाही. त्या भगिनीने पुढे प्रार्थनेसाठी काही सांगितले नाही.

शिक्षकांनी प्रथम आपल्या वर्गाच्या यादीकडे पाहावे. मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळा आणि आईबापांचा नंबर एकाच कागदावर असतो, आणि सहलीच्या वेळी त्याचा फोटो काढून आपण सर्वांना पाठवितो. २०२३ च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलांची अशी माहिती वापरावयाची तर आईबापांची संमती लागते. नाताळच्या कार्यक्रमाचे फोटो टाकण्यापूर्वीही विचारावे. प्रार्थनेची विनंती करताना "एक भगिनी आजारी आहेत" एवढे पुरते. प्रौढांच्या वर्गात प्रत्येकाने फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपला नावांची यादी, माइक व ठिकाण यांची परवानगी दिली आहे ते पाहावे, आणि नको ती काढावी. ज्या वडीलधाऱ्यांना हे जमत नाही, त्यांच्याजवळ तरुण संघातील कोणी अर्धा तास बसावे, मात्र फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा.