परक्या मुलखात मास्तरकी

चीनच्याही पलीकडे, समुद्राच्या काठाला, कोरिया नावाचा मुलूख आहे. १९४५ साली त्याचे दोन तुकडे पडले. एक उत्तर कोरिया आणि दुसरा दक्षिण कोरिया. १९५० ते १९५३ या सालांत दोघांत मोठी लढाई झाली. जखमींची सेवा करायला आपल्या सैन्याचं एक वैद्यकीय पथकही तिथं गेलं होतं. आम्ही सांगतो आहोत ते दक्षिण कोरियाचं. पुण्याजवळ रांजणगावला टीव्ही आणि फ्रिज बनवणारा मोठा कारखाना आहे ना, तो याच देशातल्या कंपनीचा.

तिथल्या मुलांना इंग्रजी आपल्याइतकीच परकी. १९९७ सालापासून तिथं तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवतात. त्यासाठी सरकार बाहेरून शिक्षक बोलावतं. आधी फक्त इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांतल्या लोकांनाच बोलावणं असे. मग आपल्या सरकारचा आणि त्यांचा करार झाला. तो २०१० साली लागू झाला. तेव्हापासून शिकवण्याची पदवी आणि परवाना असलेल्या आपल्या माणसांनाही तिथल्या सरकारी शाळेत जाता येतं. (कुणी दलाल म्हणाला, "कागद नसले तरी चालतील, पैसे टाका, लावून देतो," तर त्याला दारातूनच परत पाठवा.)

आमच्या हाताखालून गेलेली एक मुलगी अशी तिथं जाऊन आली. एका लहान गावातल्या शाळेत ती दोन वर्षं होती. पुढची हकीकत बरीचशी तिच्याकडूनच ऐकलेली आहे.

घरात शिरताना जोडे बाहेर काढायचे, हे तिला शिकवावं लागलं नाही. शाळेतही बाहेरचे जोडे काढून आतल्या सपाता घालायच्या. थंडी मात्र फार. पौष-माघात पाणी गोठून दगड होतं. पण घरात शेकोटी दिसत नाही. ऊब जमिनीखालून येते. पूर्वी चुलीचा धूर आणि गरम हवा फरशीखालच्या पोकळीतून नेत. आता फरशीखाली नळ्या असतात आणि त्यांतून गरम पाणी खेळतं. पुष्कळ लोक त्या उबदार जमिनीवरच अंथरूण घालतात.

जेवण भाताचं. भाताला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, तो आपल्या कानाला 'बाप' आणि 'पाप' यांच्या मधला कुठला तरी ऐकू येतो! भेटल्यावर "भात खाल्ला का?" असं विचारतात. आपण नाही का विचारत, "जेवलात का?" तसंच. भाताबरोबर किमची हवीच. किमची म्हणजे कोबीसारख्या भाजीला मीठ, लसूण, तिखट लावून मुरवलेलं लोणचं. आमच्या मुलीला वाटलं, चला, भाजीच आहे. पण तीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळी असते. सारसुद्धा सुक्या मासळीचं. मुलगी माळकऱ्याच्या घरची. शाळेत सगळ्यांनी एकत्र जेवायचं. ताटातलं बाजूला सारलं तर वाढणाऱ्या बाईंना वाईट वाटायचं. कोरडा भात खाऊन तिनं पहिला महिना काढला. शेवटी सोबतच्या शिक्षिकेनं एका चिठ्ठीवर त्यांच्या भाषेत लिहून दिलं, "मी मांस-मासे खात नाही." ती चिठ्ठी तिनं दोन वर्षं पाकिटात जपून ठेवली.

कचऱ्याचीही तिथं शिस्त आहे. कागद वेगळा, काच वेगळी, प्लॅस्टिक वेगळं, उष्टं-खरकटं वेगळं. उरलेला कचरा ठरलेल्या पिशवीतच टाकायचा. ती पिशवी दुकानातून विकत घ्यायची. जितका कचरा तितकं पिशव्यांना मोल, असा नियम १९९५ सालापासून आहे. पहिल्याच आठवड्यात बाईंची पिशवी दारात परत आली. वर एक कागद चिकटवलेला होता. काय चुकलं ते त्यावर लिहिलेलं असणार, पण वाचणार कोण?

इथं खरी गोष्ट सुरू होते. एम. ए. झालेली मुलगी, पण तिथं ती अंगठेबहाद्दर. पाटी वाचता येईना, बसवरचं गावाचं नाव वाचता येईना. एका रात्री ताप भरला. औषधाच्या दुकानात गेली. पुडीवर काय लिहिलंय, गोळी जेवणाआधी की नंतर, काही कळेना. दुकानदारानं तीन बोटं दाखवली आणि घास खाल्ल्याची खूण केली. खोलीवर आल्यावर तिला रडू कोसळलं. घरी फोन करावा तर आई शेतात. आपल्या घड्याळापेक्षा तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढं असतं.

मंडळी, अक्षर न कळणं म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

वर्गात उलटी तऱ्हा. तिथं मुलांची जीभ अडायची. त्यांच्या भाषेत 'फ' नाही, म्हणून 'फॅन' म्हणायला जावं तर 'पॅन' होतं. 'र' आणि 'ल' यांना अक्षर एकच. मग 'राइस' म्हणजे भात, त्याचा 'लाइस' होतो, आणि लाइस म्हणजे उवा! वाक्यही उलटं पडतं. आपण म्हणतो, "मी भात खातो." कोरियन पोरही याच क्रमानं बोलतं, क्रियापद शेवटी. इंग्रजीत 'खातो' मध्ये येतं. गोऱ्या मास्तरांना पोरं कुठं अडखळतात ते पटकन उमगत नाही. आमच्या मुलीला उमगलं, कारण लहानपणी तीही तिथंच अडखळली होती. आणि पोरं बापाला 'आप्पा' म्हणतात, हे ऐकून तिला हसू आवरेना.

तिथं गुरुजनांना मान मोठा. मुलं कमरेत वाकून नमस्कार करतात. वही देताना दोन्ही हातांनी देतात. एकदा बाईंनी तांबड्या शाईनं मुलांची नावं लिहिली, तर वर्ग चिडीचूप. तांबड्या शाईनं जित्या माणसाचं नाव लिहिणं तिथं अशुभ मानतात.

पण मुलांच्या डोक्यावर परीक्षेचं ओझं फार. शाळा सुटली की खासगी शिकवणी. राजधानी सोलमध्ये तर रात्री दहानंतर शिकवणी घेऊ नये, असा नियमच करावा लागला. कॉलेजच्या प्रवेशाची मोठी परीक्षा नोव्हेंबरात असते. तीत इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना आवाज नको म्हणून विमानंसुद्धा उतरू देत नाहीत. आम्हाला हे काही फार चांगलं वाटत नाही. दहा वर्षांचं पोर वर्गात बाकावर डुलक्या घेतं, तेव्हा त्याला कसली भाषा येणार? आमच्या मुलीनं अशा पोरांना उठवून गाणी म्हणायला लावलं.

सहा महिन्यांनी तिनं ठरवलं, त्यांची लिपी शिकायची. या लिपीचं नाव हंगुल. पूर्वी तिथं चिनी अक्षरं वापरीत. ती हजारोंनी, त्यामुळं गरीब माणूस कायमचा अडाणी. सेजोंग नावाच्या राजानं १४४३ साली नवी सोपी अक्षरं तयार केली आणि १४४६ साली ती लोकांपुढं ठेवली. आज ती चोवीस आहेत, चौदा व्यंजनं आणि दहा स्वर. आपल्या बाराखडीसारखा व्यंजनाला स्वर जोडायचा. 'क'सारखं पहिलं अक्षर विळ्यासारखं दिसतं. म्हणून निरक्षर माणसाबद्दल तिथं म्हणतात, "विळा पुढ्यात ठेवला तरी याला पहिलं अक्षर ओळखू येत नाही." सेजोंगचा जन्मदिवस म्हणून १५ मे हा तिथं शिक्षकदिन असतो.

बाईंना शिकवलं कुणी? तिसरीतल्या पोरांनीच. मधल्या सुट्टीत ती फळ्यावर अक्षर काढीत, बाई वाचीत. चुकल्या की पोरं खदखदून हसत. दोन आठवड्यांत ती पाटी वाचायला लागली. अर्थ कळायचा नाही, पण बसवरचं गावाचं नाव कळायचं. कचऱ्याचा कागद तिनं जपून ठेवला होता. तो शब्दकोश घेऊन लावला. वाटीत उरलेला भात तिनं चुकीच्या पिशवीत टाकला होता, एवढंच!

त्या देशातही गरिबीमुळं आणि लढाईमुळं शाळा न पाहिलेल्या पुष्कळ म्हाताऱ्या आहेत. गावोगाव त्यांचे वर्ग चालतात. चिल्गोक नावाच्या भागातल्या पाच आज्या अशाच म्हातारपणी लिहायला शिकल्या. त्यांच्या वेड्यावाकड्या हस्ताक्षरावरून २०२० साली संगणकासाठी अक्षरांचे पाच नमुने तयार केले. आता कुणीही ते अक्षर निवडून त्यात पत्र छापू शकतं.