तारेचे अखेरचे शंभर मीटर

केंद्र शासनाने २०११ साली राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्यास मंजुरी दिली. पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचा उद्देश ग्रामपंचायतींपर्यंत वेगवान इंटरनेट पोहोचविणे हा होय. तथापि पंचायत, शाळा वा घर यांच्या दारापर्यंत आलेली जोडणी आतील संगणकापर्यंत नेण्याचे काम बहुधा तांब्याची केबल करते. ती सदोष असेल तर दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्यास विनाकारण परतावे लागते.

अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीत केबल पुरताना विशेष दक्षता हवी. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे उघडी केबल ताणली जाते. ती पाइपातून, किंचित सैल ठेवूनच न्यावी. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छताखाली तापलेल्या केबलमधील संदेश अधिक क्षीण होतो. म्हणून तेथे १०० मीटरची कमाल मर्यादा गाठू नये. वीजवाहक तारांपासून केबल दूर ठेवावी. दोन इमारती जोडावयाच्या असल्यास विजेच्या धोक्यामुळे प्रकाशतंतूच वापरणे इष्ट.

केबलमध्ये पीळ दिलेल्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. प्रचलित क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांस हाच क्रम ठेवावा आणि पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उकलू नये. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असली तरी घेऊ नये.

बिघाड शोधताना क्रम पाळावा. प्रथम यंत्राचा वीजपुरवठा व जोडणीचा दिवा पाहावा. नंतर टोकाची छोटी केबल बदलून पाहावी. त्यानंतर टेस्टरने आठही तारा तपासाव्यात. हजार मेगाबिटची यंत्रे असूनही वेग शंभरावरच अडकत असेल, तर एखादी जोडी तुटल्याचा संशय घ्यावा. कारण शंभराला दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. तारा सरळ जुळूनही जोड्यांची अदलाबदल झाली असेल, तर साधा टेस्टर ती दाखवीत नाही. अशा वेळी रंगक्रम डोळ्यांनी पडताळून टोक नव्याने बसवावे.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस क्रमांक द्यावा व तिच्या मार्गाचा आराखडा दप्तरी ठेवावा. त्यामुळे दोष बाहेरच्या जोडणीत आहे की आतील केबलमध्ये, हे तक्रार करण्यापूर्वीच कळेल आणि गावाचे खोळंबलेले काम लवकर मार्गी लागेल.