तोंड नाही, पोट नाही, तरी हाडं खाते!



परवा जाळं शिवता शिवता एका पोरानं विचारलं, "काका, एवढा मोठा देवमासा समुद्रात मेला तं त्याचं पुढं होते काय?" प्रश्न चांगला आहे, म्हणून आजचा पाठ त्यावरच.

देवमासा किनाऱ्याला लागला तर माणूस त्याला पुरतो. जून 2015 मध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर 42 फुटांचा निळा देवमासा वाहून आला होता. मेल्यावर त्याला पुरावंच लागलं. पण जो खोल समुद्रात मरून तळाला जातो, त्याला कोण पुरणार? आधी शार्क आणि इतर मासे त्याचं मांस संपवतात. मग उरतात हाडं. त्या हाडांत चरबी भरपूर असते, पण ती काढणार कोण?

उत्तर 2002 मध्ये सापडलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाजवळ माँटेरे उपसागरात शास्त्रज्ञ बिनमाणसाच्या पाणबुडीनं तळ पाहत होते. सुमारे 2900 मीटर खोल, म्हणजे जवळपास 3 किलोमीटर खाली, मेलेला देवमासा दिसला. त्याच्या हाडांवर लाल तुरे डोलत होते! ते किडे निघाले. 2004 मध्ये राउस, गॉफ्रेडी आणि व्रायेनहुक या शास्त्रज्ञांनी त्यांच्या दोन नव्या जाती जगापुढं मांडल्या. नाव ठेवलं ओसेडॅक्स, म्हणजे लॅटिन भाषेत 'हाडं खाणारा'.

आता याची गंमत पाहा:

1. याला तोंड नाही, पोट नाही. झाडासारखी मुळं हाडात घुसवतो. मुळांतून आम्ल सुटते न हाड विरघळते. मुळांत राहणारे जिवाणू त्यातून अन्न मिळवून देतात.

2. लाल तुरा म्हणजे त्याचे कल्ले. आपल्या रोहू-कतल्याचे कल्ले रक्तानं लाल असतात, तसंच.

3. दिसतात त्या माद्या. बहुतेक जातींत नर नुसत्या डोळ्यानं दिसत नाही इतका बारीक. एकेका मादीच्या नळीत असे शंभरावर नर सापडले आहेत.

पुढं शास्त्रज्ञांनी माशांची हाडं तळाला ठेवून पाहिली. 2011 मध्ये सांगितलं, किडे तीही खातात. आजवर यांच्या दोन डझनांहून जास्त जाती सापडल्या.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपल्या कन्हानचं पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत समुद्रालाच जाते. पण समुद्र न आपला तलाव यांत फरक आहे. समुद्र अथांग आहे, तिथं मेलेलं पचून जाते. आपल्या तलावात मेलेली मासळी सडली की जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. उन्हाळ्यात पाणी कमी असते, आभाळ भरून आलं की पहाटे मासे वर तोंड काढून हवा घेतात. तेव्हा सडका माल पाण्यात असला तर वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते.

म्हणून मेलेली मासळी दिसली की लगेच बाहेर काढा. तलावापासून दूर खड्डा करून, चुना टाकून पुरा. मासळी साफ केल्यावरची घाण पाण्यात टाकू नका.

आपल्या तलावात हाडं खाणारा किडा नाही. तिथं सफाई आपल्यालाच करावी लागते.

— सचिव