पावतीवाचून पाठविलेला पैसा

सन १९९६ मध्ये दापोली तालुक्यातील आमच्या वाडीतून पाइप फिटर म्हणून मी शारजास गेलो, तेव्हा माझ्या पत्नीच्या नावे कोठल्याही बँकेत खाते नव्हते. नवे खाते उघडावयाचे तर जुन्या खातेदाराने ओळख द्यावी असा त्या काळी दंडक असे, आणि तालुक्याच्या गावी आम्हांस ओळख देईल असा खातेदार एक चुलतभाऊच काय तो होता. ड्राफ्ट धाडावा तर तो त्याच्याच खात्यावर वटवावा लागे आणि पैसा हाती येईपर्यंत महिना उलटे. अशा स्थितीत शुक्रवारच्या सुटीला आमच्या कॅम्पात येणारा, बँकेपेक्षा चार पैसे अधिक भाव देणारा हुंडीवाला आम्हां सर्वांस मोठा उपकारकर्ता वाटे.

त्याची रीत मोठी सोपी होती. दिरहॅम मोजून घेतल्यावर तो मला दहा रुपयांच्या एका नोटेचा क्रमांक सांगे. तो मी दूरध्वनीवरून पत्नीस कळवी. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी इसम पडवीत येऊन तीच नोट पुढे धरी, आणि पत्नी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेला क्रमांक ताडून पाहून रक्कम मोजून घेई. सात वर्षे यात एका रुपयाचीही तफावत पडली नाही, आणि म्हणूनच २००३ साली वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी चौदा महिने पोटाला चिमटा घेऊन साठविलेले ९,००० दिरहॅम, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे १ लाख १४ हजार रुपये, मी निःशंकपणे त्याच्या हवाली केले. क्रमांक मिळाला, पत्नीने तो लिहून घेतला. परंतु नोट घेऊन पडवीत कोणी आले नाही, आणि पुढच्या शुक्रवारी कॅम्पातही कोणी आले नाही. पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या तेव्हा शस्त्रक्रिया झाली.

सुटीवर येताच मी वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला तो पावतीचा. पावती नव्हती. मग त्यांनी परकीय चलन व्यवस्थापन कायदा, जो १ जून २००० पासून अमलात आला आहे, तो मला समजावून सांगितला. अधिकृत संस्थेला वगळून परदेशस्थाच्या वतीने आलेला पैसा स्वीकारणे हाच त्यान्वये भंग असून दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. दाद मागावयास आलेला मी स्वतःच गुन्हेगार ठरत होतो. पण त्याहून मनास लागले ते हे की, ज्या स्त्रीने पडवीत बसून केवळ घरखर्चाचे पैसे मोजून घेतले, तीही माझ्यामुळे त्याच कलमाच्या कक्षेत आली होती.

खाते उघडण्याची ती जुनी अडचण आज राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये किमान शिलकीची अट शिथिल केलेली साधी खाती काढावयास बँकांना सांगितले, २००६ मध्ये गावोगावी बँकेचे प्रतिनिधी नेमण्यास मुभा दिली. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना आली, आणि २०१८ पासून टपाल खात्याची पेमेंट्स बँक देशभर सुरू होऊन पोस्टमन दारात येऊन अंगठ्याच्या ठशावर पैसे देऊ लागला. तिकडे अमिरातीतही २००९ पासून मजुरांचे वेतन बँक अथवा अधिकृत एक्स्चेंजमार्फतच द्यावे असा नियम झाला. हे सरकारांनी केले ते निःसंशय चांगले केले. मात्र खाते उघडणे निराळे आणि ते चालविणे निराळे. आमच्याच वाडीत कित्येक स्त्रियांची पासबुके ट्रंकेच्या तळाशी आहेत आणि घरी येणारा पैसा दिराच्या किंवा सासऱ्याच्या खात्यात जमा होतो. माझ्या मते योजनेचे खरे अपयश येथे आहे.

म्हणून आखातात निघालेल्या तरुणांना माझे सांगणे असे की, नोकरीसाठी परदेशी जाताना जुने बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे आणि तिकडची कमाई जमा करण्यासाठी एनआरई खाते काढावे. त्यावरील व्याजास येथे प्राप्तिकर लागत नाही. घरी तातडीने धाडावयाचे तर अधिकृत एक्स्चेंजमधूनच धाडावे. अशा रोख सेवेत एका खेपेस २,५०० डॉलरपर्यंत आणि एका व्यक्तीस वर्षातून ३० वेळाच पैसे येऊ शकतात, व ५० हजार रुपयांवरील रक्कम खात्यातच जमा होते, हे ध्यानात असू द्यावे. ‘शुल्क नाही’ या पाटीवर भुलू नये, कारण शुल्क पुष्कळदा भावातच दडविलेले असते. आपण दिरहॅम किती दिले आणि गावी रुपये किती पडले, एवढाच हिशेब खरा. हा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठेविले आहे, पण तोवर हिशेब आपला आपणच पाहिला पाहिजे. आणि गावी ज्या यंत्रावर अंगठा ठेवावयाचा, त्यातून निघालेली पावती वाचल्यावाचून तेथून हलू नये, हे घरच्या माणसांस बजावून जावे.

गेल्या वर्षी माझा पुतण्या दोह्यास निघाला. तिकीट हाती येताच मी त्याला व त्याच्या पत्नीला घेऊन बँकेत गेलो, तिच्या एकटीच्या नावे खाते उघडविले, नामनिर्देशन भरविले, आणि पहिले पैसे तिने स्वतः काढून पाहीपर्यंत तेथेच थांबलो. ज्यांच्या घरचा माणूस आज परदेशी निघतो आहे, त्यांनी त्याच्या बॅगेस कुलूप लावण्यापूर्वी एवढे एक काम उरकून घ्यावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.