चंद्र खाली का पडत नाही?

1984 सालची गोष्ट. त्या वर्षी 3 एप्रिल रोजी राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले आणि 'सॅल्यूत 7' या स्थानकात सुमारे आठवडाभर राहिले. त्यांना तेथे पिसासारखे तरंगताना पाहून सारा देश हरखून गेला. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मुलांच्या डोक्यात तोच विषय घोळत होता. मी त्या वेळी गोरेगावातील एका शाळेत नुकताच मराठीचा शिक्षक म्हणून लागलो होतो. एके दिवशी विज्ञानाचे गुरुजी रजेवर असल्यामुळे त्यांच्या तासावर मला जावे लागले.

वर्गात पाऊल टाकतो न टाकतो तोच मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, राकेश शर्मा तरंगत का होते?"

"अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून," मी मोठ्या ऐटीत उत्तर दिले.

मुलगा खाली बसला. पण क्षणभराने पुन्हा उभा राहिला. "मग सर, त्यांचे यान पृथ्वीभोवतीच का फिरत होते? सरळ दूर निघून का गेले नाही?"

मी फळा पुसू लागलो. वस्तुतः फळा स्वच्छच होता.

मुलांनो, त्या मुलाचे खरे होते आणि माझे चुकले होते. भूपृष्ठापासून 400 किलोमीटर उंच गेले, तरी पृथ्वीची ओढ जवळजवळ नऊ दशांश शिल्लक राहते. त्या ओढीनेच यान पृथ्वीशी बांधलेले असते. मग आतील माणसे तरंगतात कशी? त्या सायंकाळी मी ग्रंथालयातून दोन पुस्तके आणली आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. सापडलेले उत्तर ऐकावयास विचित्र वाटेल. ती माणसे तरंगत नसतात, ती पडत असतात! यानही पडत असते, माणसेही पडत असतात, आणि दोघेही एकाच वेगाने पडत असल्यामुळे यानाच्या जमिनीवर माणसांचा भार पडत नाही. उंच इमारतीतील लिफ्ट एकदम खाली निघाली की क्षणभर अंग हलके झाल्यासारखे वाटते ना? लिफ्टचा दोरच नसता, तर तो क्षण तळ येईपर्यंत लांबला असता. यानाच्या बाबतीत तो तळ कधीच येत नाही, एवढाच फरक.

तळ का येत नाही, हे थोर शास्त्रज्ञ न्यूटन यांनी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका कल्पनेने समजावून दिले. त्यांच्या कल्पनेत उंच पर्वतावर एक तोफ होती. आपण आपल्या आरे वसाहतीतील टेकडीवर उभे राहू. हातातील दगड सोडला, तर पहिल्या सेकंदात तो सुमारे 5 मीटर खाली येतो. तोच दगड आडवा फेकला, तरीही पहिल्या सेकंदात तो तितकाच खाली येतो. मात्र तेवढ्या वेळात थोडा पुढे जातो. जितक्या जोराने फेकावा, तितका तो लांब जाऊन पडतो. आता ध्यानात घ्या, की पृथ्वी सपाट नाही. आपण सरळ रेषेत 8 किलोमीटर पुढे गेलो, तर तेवढ्यात पृथ्वीचा पृष्ठभाग त्या रेषेच्या सुमारे 5 मीटर खाली गेलेला असतो. म्हणजे दगड जर सेकंदाला 8 किलोमीटर या वेगाने फेकता आला, एका सेकंदात गोरेगाव सोडून बोरिवली मागे टाकील इतक्या वेगाने, तर तो 5 मीटर पडेल आणि जमीनही 5 मीटर खाली सरकलेली असेल. दगड पडतच राहील. जमीन त्याला कधी सापडणार नाही. (वाटेत हवा आणि डोंगर नाहीत, असे मात्र धरावे लागेल.)

चंद्रही असाच पडत असतो. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके दूर आहोत, त्याच्या सुमारे साठपट दूर तो आहे. अंतर साठपट झाले की ओढ 60 गुणिले 60, म्हणजे 3600 पटींनी कमी होते. तेव्हा आपल्या हातचा दगड एका सेकंदात जितका पडतो, तितके पडावयास चंद्राला पूर्ण एक मिनिट लागले पाहिजे. न्यूटन यांनी हे गणित आकाशातील चंद्राच्या गतीशी ताडून पाहिले आणि ते जुळले. झाडावरचे फळ आणि आकाशातील चंद्र एकाच नियमाने पडतात, हे माणसाला प्रथमच कळले.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन त्या वर्गात गेलो, काल चुकीचे सांगितल्याचे कबूल केले आणि हे सारे फळ्यावर काढून दाखविले. वर्ग खूश झाला. तो मुलगा मात्र विचारात पडलेला दिसला. तास संपल्यावर तो माझ्यामागून व्हरांड्यात आला.

"सर, पृथ्वी चंद्राला ओढते, हे कळले. पण मध्ये दोरी नाही, हात नाही, काहीच नाही. मग ओढते कशाने?"

या वेळी मी फळ्याचा आधार घेतला नाही. "मला ठाऊक नाही," असे सांगितले. पुढे वाचनात आले, की खुद्द न्यूटन यांनीही या प्रश्नापुढे हात टेकले होते. ओढ किती, हे त्यांनी अचूक सांगितले. ती कशामुळे, याविषयी तर्क लढविण्याचे त्यांनी नाकारले. हे वाचून मला थोडे बरे वाटले, हे लपवीत नाही.

नवे उत्तर 1915 साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी दिले. ते समजण्यासाठी एक खेळ कल्पनेनेच खेळू. विषुववृत्तावर दोन प्रवासी उभे आहेत. एक मुंबईच्या रेखांशावर, दुसरा नागपूरच्या. दोघेही नाकासमोर थेट उत्तरेकडे निघाले. निघताना त्यांचे मार्ग समांतर होते. तरी त्यांच्यामधील अंतर हळूहळू कमी होत जाते आणि उत्तर ध्रुवावर ते एकमेकांना येऊन भिडतात. त्यांना कोणी ओढले? कोणीही नाही. ते ज्या पृष्ठावरून चालले, तेच गोल होते. आइन्स्टाइन म्हणतात, गुरुत्वाकर्षणही असेच आहे. जड वस्तूभोवती अवकाश आणि काळ वक्र होतात, आणि चंद्र त्या वक्रतेत आपल्या परीने नाकासमोरच चालत असतो.

अवकाश वक्र झाले, हे एक वेळ मानता येईल, पण काळ? काळाच्या बाबतीत मुंबईकरांचा एक जुना अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. नागपूरला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे 25 मिनिटे आधी माथ्यावर येतो. पूर्वी गावोगावची घड्याळे अशी आपापल्या सूर्याप्रमाणे चालत. 1906 साली देशभर एकच प्रमाणवेळ सुरू झाली. पण मुंबईने आपली 'मुंबई वेळ' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होती. माझे आजोबा सांगत, की घरच्या घड्याळात साडेनऊ झाले, की स्टेशनवरच्या घड्याळात दहा वाजून नऊ मिनिटे झालेली असत, आणि नवख्या पाहुण्याची गाडी हमखास चुके. ही दुहेरी वेळ 1955 पर्यंत टिकली.

पण तो माणसांनी ठरविण्याचा प्रश्न होता. घड्याळे निराळी लावली, तरी दोन्हींचा सेकंद तेवढाच होता. आइन्स्टाइन यांचे म्हणणे याहून खोल आहे. पृथ्वीच्या जवळ काळच किंचित हळू चालतो, उंचावर किंचित जलद. 2010 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दोन अतिसूक्ष्म अणुघड्याळांपैकी एक दुसऱ्यापेक्षा केवळ 33 सेंटिमीटर उंच ठेवले, तेव्हा वरचे घड्याळ जलद चालत असल्याचे आढळले. म्हणजे तुमच्या घरातील वरच्या फळीवर काळ खालच्या फळीपेक्षा कणभर पुढे धावतो! आणि हातातून सुटलेला चेंडू खाली येतो, तो मुख्यतः काळाच्या या वक्रतेमुळेच.

हा फरक क्षुल्लक म्हणून सोडता येत नाही. मोबाइलला रस्ता दाखविणाऱ्या अमेरिकी जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांच्या मानाने दररोज सुमारे 38 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 38 दशलक्षांश, पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटरांहून अधिक अंतर तोडतो. ही तफावत आधीच हिशेबात धरलेली नसती, तर गोरेगावात उभ्या असलेल्या माणसाला आपण भलत्याच उपनगरात असल्याचे दिसले असते. मुंबईने 39 मिनिटांसाठी जवळजवळ पन्नास वर्षे हट्ट धरला. येथे 38 मायक्रोसेकंदांशीही तडजोड चालत नाही.

अवकाश वक्र होते, तर ते थरथरतही असले पाहिजे. 14 सप्टेंबर 2015 रोजी ही थरथर अमेरिकेतील 'लायगो' या उपकरणांनी प्रथम टिपली. एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली होती. त्यांच्या लाटा त्या दिवशी पृथ्वीवरून गेल्या. चार किलोमीटर लांबीच्या नळीत तेव्हा पडलेला फरक अणूच्या गाभ्यातील एका प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. असा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा कसा काढावा, याच्या पद्धती घडविण्यात पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. असेच उपकरण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास 2023 साली केंद्र सरकारने मंजुरी दिली.

'आयुका'चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर हे मूळचे कोल्हापूरचे. त्यांनी 1964 साली केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा एक वेगळा सिद्धांत मांडला होता. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, म्हणजे उत्तराखाली माझी स्वाक्षरी मिळेल. 2025 साली ते निवर्तले.

आमच्या व्हरांड्यातल्या त्या मुलाने शाळा सोडली, त्याला आता बरीच वर्षे झाली. काही वर्षांपूर्वी तो गोरेगाव स्टेशनच्या पुलावर अचानक भेटला. केस पिकू लागले होते. पाया पडला आणि हसत म्हणाला, "सर, अवकाश वक्र होते, हे मी वाचले. पण जड वस्तू त्याला वक्र करते कशाने?"

तेवढ्यात त्याची गाडी आली.